सगोत्र म्हणून अडलेलं लग्न, ठाण्यात नौपाड्यातल्या वकील मॅडमनी सोडवलं

रेटिंग ५ पैकी ४.५. माझ्या धाकट्या भावाचं लग्न गेल्या महिन्यात झालं आणि त्यात ह्या ऑफिसचा फार मोठा हात आहे, म्हणून रिव्ह्यू जरा लांबलचक लिहितेय, कोणाच्या घरी असंच काही चाललं असेल तर पूर्ण वाचा प्लीज.

झालं असं की भाऊ आणि त्याची मैत्रीण (आता वहिनी, ऐरोलीची) दोघांचं गोत्र एकच निघालं, काश्यप. बाबा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत, आणि काका तर म्हणाले सगोत्र लग्न कायद्यातच बसत नाही, मी स्वतः जाऊन हरकत घेणार. आम्ही घाबरून स्टेशनजवळच्या एका एजंटकडे गेलो, त्यानेही तेच सांगितलं की रिजेक्ट होणार, २५,००० द्या मी दुसऱ्या जिल्ह्यातून करून देतो, आणि वर म्हणे दोघांचाही पत्ता इथला लागतो (भाऊ बंगळूरला असतो). २,००० ॲडव्हान्स दिले होते ते गेलेच.

मग मैत्रिणीने ह्या मॅडमचं नाव सुचवलं. बाबांनाही सोबत घेऊन या असं त्यांनी फोनवरच सांगितलं होतं आणि तेच कामाला आलं. पहिलं वाक्य त्यांनी बाबांनाच ऐकवलं की काका, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात गोत्राची अट कुठेच नाही, सगोत्र-सप्रवर (सप्रवर म्हणजे गोत्राचे मूळ ऋषी सारखे असलेल्यांच्या) लग्नावरची बंदी त्याच्याही आधी १९४६ मध्ये कायद्याने उठलीय. कायदा बघतो तो सपिंड, म्हणजे रक्ताचं जवळचं नातं. वडिलांच्या बाजूने पाच पिढ्या आणि आईच्या बाजूने तीन, आणि मोजायला सुरुवात लग्न करणाऱ्या मुला-मुलीपासूनच, ते स्वतः पहिली पिढी.

मग एक पाठकोरा कागद घेतला, मधे रेघ मारली, एकीकडे भाऊ दुसरीकडे वहिनी, आणि बाबांना म्हणाल्या सांगा नावं. बाबा आधी गप्पच, मग मॅडम म्हणाल्या पितृपक्षात तर्पणाला कोणाकोणाची नावं घेता तेवढीच सांगा. तेव्हा बाबांनी त्यांचे वडील, आजोबा, पणजोबा अशी तीन नावं घडाघडा सांगितली, त्यात बाबा आणि भाऊ मिळवले की झाल्या पाच पिढ्या! बाबा त्या कागदाकडे कितीतरी वेळ बघत होते. वहिनीकडची नावं तिने तिच्या आजीला फोन लावून विचारली, आयांकडचीही लिहिली, दोन्हीकडे मिळून एकही नाव सामायिक नाही. मी तिथे बसल्या बसल्या रडायला लागले खरंच.

अजून एक गोष्ट तिथेच कळली, आपल्याकडे बऱ्याच घरांत लागू आहे म्हणून सांगते. आमच्या आजीचं लग्न तिच्या सख्ख्या आतेभावाशी झालेलं. मामाची मुलगी करायची चाल ज्या समाजात पूर्वापार आहे त्यांना हिंदू विवाह कायदा त्या रूढीमुळे परवानगी देतो. पण रजिस्टर मॅरेज म्हणजे १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली गेलात तर तिथे निषिद्ध नात्यांची यादीच आहे, मुलासाठी ३७ आणि मुलीसाठी ३७, त्यात मामाची मुलगी पण येते, आणि तिथे रूढी चालवायची तर ती राज्य सरकारने राजपत्रात जाहीर केलेली लागते. तेव्हा असं नातं असेल तर कुठल्या कायद्याखाली करायचं हे आधी विचारून घ्या.

भावाला थाटमाट नको होता म्हणून आम्ही रजिस्टरच केलं. दोघांपैकी एकजण नोटिशीआधी सलग ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला असला की पुरतं, त्यामुळे वहिनीच्या ऐरोलीच्या पत्त्यावर ठाणे जिल्ह्यातच काम झालं. नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबायचं, ती ऑफिसात लावतात, कोणीही वाचू शकतं, हे मॅडमनी आधीच स्पष्ट सांगितलं. काकांच्या हरकतीचं काय विचारलं तर म्हणाल्या हरकत घ्यायची कारणं कायद्यात ठरलेली आहेत, आधीचा जोडीदार हयात असणं, वय (मुलगा २१, मुलगी १८), मानसिक आजारामुळे संमती देता न येणं आणि निषिद्ध नातं, गोत्र त्यात बसत नाही. काकांना हे बाबांनीच फोन करून सांगितलं आणि ते आलेच नाहीत हरकत घ्यायला. नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लागलं पाहिजे नाहीतर परत नवीन नोटीस, तेवढं लक्षात ठेवा. साक्षीदार तीन लागतात, आमच्यातला एक बाबा.

फी पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिली, सरकारी फी वेगळी दाखवली, पावती मिळाली.

अर्धा स्टार का कापला तर अपॉइंटमेंट घेऊनही दीड तास बसवलं, आणि ज्युनिअरने एका ॲफिडेव्हिटमध्ये वहिनीच्या नावाचं स्पेलिंग चुकवलं त्यामुळे एक फेरी वाढली (पैसे घेतले नाहीत त्याचे). दुसरा मजला आहे, लिफ्ट नाही, आजी-आजोबांना आणणार असाल तर बघा. गोखले रोडला पार्किंगच्या भानगडीत पडू नका, स्टेशनवरून चालत या. आणि जाताना दोन्ही घरच्या पिढ्यांची नावं लिहूनच न्या, आमचा अर्धा तास फोनाफोनीतच गेला.