वाळू की गाळ: सांडलेलं तेल कुठे जास्त नडतं?
आम्ही जळगावकडचे, समुद्र लांब. पण तापीची वाळू आणि केळीची काळी माती रोज हाताखालची. विहिरीवरच्या इंजिनाचं डिझेल वाळूवर सांडलं तर झरकन खाली उतरतं, काळ्या मातीत भेगांमध्ये शिरून बसतं.

किनाऱ्यावरही बरंचसं तसंच. वाळूत लाटांमुळे पाणी-हवा खेळते, जिवाणू तेल खातात. खाडीच्या गाळात मात्र काही मिलिमीटरखाली प्राणवायूच नसतो. खेकड्यांच्या बिळांतून तेल आत गेलं की वर्षानुवर्षं तसंच राहतं. २०१० मध्ये मुंबईजवळ दोन जहाजांच्या टकरीनंतर तेल तिवरांपर्यंत पोहोचलं. तिथला गाळ खरवडावा तर मुळंच तुटतात. म्हणून मला गाळाचीच काळजी जास्त वाटते. अर्थात वाळू-गोट्यांचीही खात्री नाही: अलास्कात १९८९ मध्ये सांडलेलं तेल गोट्यांखाली कित्येक वर्षं सापडत राहिलं.