बांगड्याचे तिखले आणि भिंतीवरचे सात जण

वेंगुर्ल्याच्या बाजारातून बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यालगत एक खानावळ आहे. तिच्या पाटीवर ‘घरगुती मालवणी जेवण’ या तीन शब्दांपलीकडे काहीही लिहिलेले नाही, आणि गावातही तिला ‘बोटीवाल्या काकांकडे’ एवढेच म्हणतात. चार टेबले, सोळा खुर्च्या, मागे स्वयंपाकघर आणि पुढे शेणाने सारवलेली पडवी, एवढाच तिचा विस्तार आहे. गेल्या दोन वर्षांत मी तेथे पाच वेळा जेवलो. हा अभिप्राय जेवणाविषयी आहे, आणि तितकाच त्या खानावळीच्या उत्तरेकडील भिंतीविषयीही आहे, कारण त्या भिंतीमुळेच मी कुडाळहून वाट वाकडी करून तेथे जातो.

आधी जेवण. या घरचा खरा पदार्थ म्हणजे बांगड्याचे तिखले. लाल मिरची, सोले आणि किंचित ठेचलेली तिरफळे यांच्या अंगाबरोबरच्या रसात ताजा बांगडा शिजवतात, तो मोडत नाही आणि कोरडाही पडत नाही. तिरफळाचा वास ताट समोर येण्याच्या आधी येतो, पण पहिल्या घासाला जीभ बधिर होत नाही. हे प्रमाण साधणे कठीण असते आणि पाचही वेळा ते साधलेले होते. बरोबर उकड्या तांदळाचा भात, तांदळाची भाकरी, एक सुकी भाजी आणि सोलकढी मिळते. बांगड्याची थाळी १८० रुपयांना आणि सुरमईची ३५० रुपयांना आहे. सुरमई चांगली असते, पण ती चांगली देणारी ठिकाणे या किनाऱ्यावर पुष्कळ आहेत, म्हणून तिच्यासाठी मुद्दाम येण्याचे कारण नाही. एकदा सोलकढी पातळ होती, तसे मी सांगितल्यावर काकूंनी काही न बोलता दुसरी वाटी आणून ठेवली. काळ्या वाटाण्याची उसळ मात्र चुकवू नये, मग आपण मासे खाणारे असा वा नसा.

आता भिंत. पंचाहत्तरीच्या जवळ आलेले काका तरुणपणी व्यापारी जहाजांवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, होते. लिव्हरपूल, टिलबरी, हल या इंग्लंडमधील बंदरांत जहाज लागले की पगारातून वाचवलेल्या पैशांत ते ‘शूट’ हे फुटबॉलचे साप्ताहिक विकत घेत आणि त्यातील रंगीत पाने कापून ट्रंकेच्या तळाशी ठेवत. त्या पानांपैकी सात पाने आज साध्या लाकडी चौकटींत भिंतीवर आहेत. रॉडनी मार्श, स्टॅन बोल्स, फ्रँक वर्दिंग्टन, टोनी करी, अ‍ॅलन हडसन, पीटर ऑसगुड आणि चार्ली जॉर्ज हे ते सात इंग्रज फुटबॉलपटू. मानेपर्यंत रुळणारे केस, घोट्यांवर घसरलेले मोजे आणि चेहऱ्यावर आपल्याकडे सगळे पाहत आहेत याची पूर्ण जाणीव. जॉर्ज बेस्टचे चित्रही आहे, पण ते दाराच्या दुसऱ्या बाजूला, एकटे. मी पहिल्याच भेटीत त्याचे कारण विचारले तेव्हा काका म्हणाले, “हो उत्तर आयर्लंडचो, म्हणान वेगळो.” इंग्रज फुटबॉलपटूंची आठवण निघाली की लोक बेस्टला सरसकट त्यांच्यात बसवतात. ती चूक त्या भिंतीवर होत नाही, हे पाहून येथे कोणीतरी विषय नीट जाणणारे आहे, अशी माझी खात्री पटली.

माझे बालपण कोल्हापुरात गेले, जेथे पेठेच्या संघासाठी घरातील माणसे दोन-दोन दिवस एकमेकांशी अबोला धरतात, आणि चेंडू पायात आला की तो लगेच न देता समोरच्याला एकदा तरी चकवून मग देणारा खेळाडू शाहू स्टेडियममध्ये लोकांच्या अधिक लाडका असतो. म्हणून या सात जणांना खेळताना प्रत्यक्ष न पाहताही मला ते परके वाटले नाहीत. ते ज्या काळात घडले तो काळही समजून घ्यावा लागतो. इंग्लंडमध्ये फुटबॉलपटूच्या पगारावर आठवड्याला २० पौंडांची मर्यादा होती, ती १९६१ मध्ये उठली. त्यानंतर काही वर्षांतच सामन्यांची क्षणचित्रे दर आठवड्याला दूरचित्रवाणीवर दिसू लागली आणि दशक संपता संपता त्यांना रंगही आला. गिरणीतल्या कामगाराइतका मिळवणारा आणि त्याच्याच गल्लीत राहणारा खेळाडू एका पिढीत नटासारखा ओळखला जाऊ लागला. या सात जणांनी ती ओळख अंगाखांद्यावर मिरवली. करी प्रेक्षकांकडे हवेत चुंबने फेकत असे. चार्ली जॉर्जने १९७१ च्या एफ. ए. चषक या इंग्लंडमधील स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आर्सेनलकडून लिव्हरपूलविरुद्ध जादा वेळेत विजयी गोल केला आणि धावत सुटण्याऐवजी तो वेम्बलीच्या गवतावर दोन्ही हात पसरून पाठीवर आडवा झाला.

प्रत्येक चौकटीखाली काकांनी निळ्या शाईने एकच आकडा लिहिला आहे, आणि तो त्या खेळाडूला इंग्लंडकडून खेळायला मिळालेल्या सामन्यांचा आहे. करी १७, मार्श ९, वर्दिंग्टन ८, बोल्स ५, ऑसगुड ४, हडसन २, जॉर्ज १. सातांची बेरीज ४६ होते. त्याच इंग्लंडचा कर्णधार बॉबी मूर याचे एकट्याचे सामने १०८ आहेत. जेवण येईपर्यंत मी ही बेरीज दोनदा करून पाहिली, कारण ती मला खरी वाटेना. हडसनने मार्च १९७५ मध्ये वेम्बलीवर जगज्जेत्या पश्चिम जर्मनीविरुद्ध पदार्पण केले, इंग्लंडने तो सामना २-० असा जिंकला, त्यातील त्याच्या खेळाची तारीफ आजही होते, आणि तरीही आणखी एका सामन्यानंतर त्याला पुन्हा कधी बोलावले गेले नाही. जॉर्जला जो एक सामना मिळाला, तोही पूर्ण खेळू दिला नाही.

याच ठिकाणी काकांचे आणि माझे मतभेद आहेत, आणि ते सांगितल्याशिवाय हा अभिप्राय प्रामाणिक होणार नाही. इंग्लंडचा संघ १९७४ आणि १९७८ या दोन्ही विश्वचषकांना पात्र ठरला नाही, आणि या माणसांना बाहेर बसवल्यानेच तसे झाले, असे काका ठामपणे मानतात. मला ते पूर्ण पटत नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये पोलंडविरुद्ध १-१ अशी बरोबरी होऊन पहिली संधी हुकली, त्या सामन्यात टोनी करी मैदानात होता. त्या दिवशी पोलंडचा गोलरक्षक तोमाशेव्स्की याने जे अडवले ते कोणालाही भेदता आले नसते. शिवाय दोष सर्वस्वी निवडणाऱ्यांचा नव्हता. १९७४ मध्ये उत्तर आयर्लंडविरुद्धच्या सामन्यात बदली केल्यावर बोल्स संघाला सोडून निघून गेला, आणि हडसनने १९७२ मध्ये तेवीस वर्षांखालील संघाच्या दौऱ्यावर जाण्यास नकार देऊन स्वतःवर बंदी ओढवून घेतली. हे मी बोललो तेव्हा काकांनी भाताचे भांडे खाली ठेवले, खुर्ची ओढून समोर बसले आणि म्हणाले, “बोटीर चांगलो भंडारी जरा तापटच आसता. म्हणान तेका बंदरार उतरवन जातत काय?” त्यांच्या या बोलण्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते आणि अजूनही नाही.

काका सर्वांत आनंदाने सांगतात ते बोल्सविषयी, कारण सातांपैकी त्यांनी प्रत्यक्ष पाहिला तो हा एकच. टिलबरीला जहाज थांबले असताना हिवाळ्यातील एका शनिवारी ते लंडनच्या पश्चिम भागातील लॉफ्टस रोडवर गेले होते. तेथील क्वीन्स पार्क रेंजर्सचा निळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा दहा क्रमांकाचा सदरा आधी मार्शचा होता. मार्श १९७२ मध्ये मँचेस्टर सिटीला गेल्यावर बोल्सने तो सदरा घातला. १९७५-७६ च्या हंगामात हा छोटा क्लब पहिल्या श्रेणीत, म्हणजे इंग्लंडच्या तेव्हाच्या सर्वोच्च साखळीत, सारे सामने संपवून ५९ गुणांसह अव्वल स्थानावर बसला होता आणि लिव्हरपूलचा एकच सामना उरला होता. त्या सामन्यासाठी रेंजर्सना दहा दिवस वाट पाहावी लागली. लिव्हरपूलसमोरच्या वूल्व्ह्‌ज संघाने आधी गोल करून आशा दाखवली, शेवटच्या पाव तासात लिव्हरपूलने तीन गोल केले आणि विजेतेपद एका गुणाने गेले. होडी जेटीला लागता लागता उलटावी तसे ते होते. हे सांगताना काकांचा आवाज खाली येतो आणि त्या वेळी वाढप थांबते. शेजारच्या टेबलावर पुण्याहून आलेले एक कुटुंब होते, त्यांना दुसरी भाकरी मिळण्यास वीस मिनिटे लागली आणि त्यांची नाराजी मला रास्त वाटली. ज्यांना घाई आहे त्यांनी येथे येऊ नये, किंवा आले तर काकूंना हाक मारावी.

वर्दिंग्टनचा गोल मात्र प्रत्येकाने काकांकडूनच ऐकावा, किंबहुना पाहावा. २१ एप्रिल १९७९ रोजी बोल्टनकडून इप्सविचविरुद्ध केलेला हा गोल आज फोनवर क्षणात सापडतो, तरीही मी तो त्यांच्या हातून पाहणे पसंत करतो. ते टेबलावर सोललेल्या सुपाऱ्या मांडतात, त्या इप्सविचचे बचावपटू. वर्दिंग्टनची पाठ गोलकडे आहे आणि चेंडू हवेत आहे. तो खाली पडू न देता तो डाव्या पायावर खेळवतो, एकदा, मग पुन्हा एकदा, आणि मग स्वतःच्याच डोक्यावरून मागे उचलतो. सगळे बचावपटू पुढे धावून आलेले असतात, म्हणून सगळेच त्या एका स्पर्शाने मागे पडतात, आणि तो वळून चेंडू जमिनीला टेकण्याआधी जाळ्यात मारतो. काकांचा अंगठा हळूच सुपाऱ्यांवरून जातो आणि अखेरची सुपारी मिठाच्या वाटीला लागून थांबते. बोल्टन तो सामना ३-२ असा हरला, हेही ते सांगतात, आणि त्या हंगामात पहिल्या श्रेणीत सर्वाधिक २४ गोल करणारा हाच होता, हेही.

मला स्वतःला चार्ली जॉर्जच्या चौकटीसमोर सर्वांत जास्त वेळ थांबावेसे वाटते. आर्सेनल सोडून तो डर्बीला गेला, आणि ऑक्टोबर १९७५ मध्ये युरोपियन चषकात डर्बीने रेआल माद्रिदला ४-१ असे हरवले तेव्हा त्यातील तीन गोल त्याचे होते. परतीच्या सामन्यात माद्रिदने ५-१ असा विजय मिळवून डर्बीला स्पर्धेबाहेर काढले, तेव्हाचा डर्बीचा एकमेव गोलही त्याचाच. डर्बीचे ते जुने मैदान हिवाळ्यात चिखलासाठी कुप्रसिद्ध होते. त्याची छायाचित्रे पाहिली तर कोकणातील माणसाला चिखलणी झालेला भाताचा कुणगाच आठवेल. अशा चिखलात नुसते उभे राहण्यासाठी पोटऱ्यांत किती बळ लागते, हे लावणी केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. त्या जमिनीवर चेंडू पायाशी ठेवून माणसाला चकवणे ही केवळ नखरेबाजी नव्हती, त्यामागे मोठी मेहनत होती. या खेळाडूंना ‘शोभेचे’ म्हणणाऱ्यांवर माझा राग आहे तो याच कारणाने.

भिंत त्यांचे पुढचे आयुष्यही लपवत नाही. मद्य, जुगार, मोडलेले संसार यांविषयी विचारल्यास काका टाळाटाळ करत नाहीत. ऑसगुडच्या चौकटीच्या कोपऱ्यात २००६, वर्दिंग्टनच्या कोपऱ्यात २०२१ आणि बोल्सच्या कोपऱ्यात २०२४ अशी मृत्यूची वर्षे पेन्सिलीने लिहिली आहेत. शेवटच्या दोघांना स्मृतिभ्रंश झाला होता. ज्यांच्या खेळाच्या आठवणी समुद्रापलीकडच्या एका भंडाऱ्याने पन्नास वर्षे जपल्या, त्यांना स्वतःला त्या आठवेनाशा झाल्या, हे मला फार लागले.

सात चौकटींखाली आठवी एक चौकट आहे. तीत चित्र नाही, वहीच्या पानावर काकांनी मराठीत लिहिलेल्या चार ओळी आहेत. त्या रॉबिन फ्रायडेविषयी आहेत. तो रेडिंगकडून खालच्या श्रेणींत खेळला, पहिल्या श्रेणीत कधीच पोहोचला नाही आणि १९९० मध्ये अवघ्या अडतिसाव्या वर्षी गेला. १९७६ मध्ये ट्रॅनमियरविरुद्ध त्याने छातीवर चेंडू घेऊन, गर्रकन वळून, दुरूनच जो गोल केला, तो पाहून खुद्द पंच क्लाइव्ह थॉमस यांनी थक्क होऊन डोक्याला हात लावले. त्या गोलचे चित्रीकरणच झालेले नाही. काकांनीही तो पाहिलेला नाही, जहाजावरच्या एका सहकाऱ्याकडून ऐकला आणि लिहून ठेवला. त्या चार ओळी ग्राहकांना वाचता याव्यात म्हणून तेथे अधिक उजेडाचा दिवा हवा, अशी सूचना मी केली आहे.

जाणाऱ्यांसाठी आणखी थोडे. दुपारी बारापूर्वी पोहोचावे, कारण मासे संपले की चूल बंद होते. सोमवारी खानावळ बंद असते. गाडी बाजारातच उभी करून चालत यावे. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असताना सुका बांगडा, जवळा आणि कडधान्यांवर जेवण निभावते, आणि ते चांगले असते, पण त्या दिवसांत भिंत रिकामी दिसेल. तीन वर्षांपूर्वीच्या पावसात ओल धरून हडसनच्या पानावर बुरशी चढली होती, तिचा डाग त्याच्या डाव्या खांद्यावर अजून आहे. तेव्हापासून पहिली सर पडली की काका सगळ्या चौकटी उतरवतात, जुन्या लुगड्यात गुंडाळून त्याच पत्र्याच्या ट्रंकेत ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन आल्यावर त्याच क्रमाने पुन्हा लावतात, बेस्टला दाराच्या पलीकडे.