बेळगावात टिळकवाडीतलं काउन्सिलिंग सेंटर : पोराला घेऊन गेलो आणि तपासणी आमचीच झाली

चार स्टार देतोय, एक का कापला ते खाली सांगतो. सेंटरचं नाव लिहीत नाही, पोरगं घरचं आहे आणि गल्लीत सगळे सगळ्यांना ओळखतात.

पुतण्या पंधराचा. दोन मित्रांबरोबर कुणाचीतरी बाईक वायर डायरेक्ट करून फिरवली आणि पेट्रोल संपल्यावर येळ्ळूर रोडला टाकून आले, मालकानं पोलिसात दिलं. आम्हाला वाटलं आता पोरगं आत जातंय, पण अठराच्या आतल्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, 24 तासांत बाल न्याय मंडळापुढं न्यावं लागतं, तिथं एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजसेवक असतात, हे सगळं तेव्हाच कळलं बघा. 2015 च्या कायद्यात समज देऊन घरी सोडायची सोय आहे, पण काउन्सिलिंग नुसतं पोराला नाही, आईबापालाही. म्हणून आमची वरात इथं.

वडगावात आमच्या घरी अकरा माणसं. भाऊ वेर्ण्याला कंपनीत, पंधरा दिवसांनी येतो, त्यामुळं सगळ्यांचं एकच पालुपद, बाप गोव्यात म्हणून पोरगं बिघडलं. मीपण तेच म्हणत होतो, खोटं कशाला सांगू. मॅडमनी वाद घातला नाही, प्रत्येकाला एकेक चिठ्ठी दिली, पोराच्या दोन मित्रांची नावं लिहा आणि शाळा सुटल्यापासून जेवणापर्यंत तो कुठं असतो ते लिहा. मी लिहिलं 'क्लासला'. वहिनीनं लिहिलं 'काकाजवळ विणकामाच्या मागावर'. क्लास त्यानं दिवाळीतच सोडलेला आणि मागाकडं तो फिरकतसुद्धा नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तसं झालेलं. आज्जीला लिहायला येत नाही, तिनं तोंडीच सांगितलं, दोघांची नावं, कुणाचा बाप काय करतो, कुठल्या टपरीवर बसतात, सगळं. मग आम्हाला का नाही सांगितलंस गं, तर म्हणते, विचारलंत कधी?

मॅडम म्हणाल्या, ट्रॅव्हिस हिर्शी म्हणून अमेरिकेतला समाजशास्त्रज्ञ, त्यानं 1969 मध्येच मांडलंय की आईबाप सारखे समोर नसले तरी चालतंय, मोहाच्या वेळी पोराच्या मनात ते आले पाहिजेत. आता भाऊ रोज साडेसातला व्हिडिओ कॉल करतो. पहिला आठवडा दोघं नुसते एकमेकांचं तोंड बघत बसायचे, आता क्रिकेटवरनं भांडतात.

एक स्टार कापला तो फॉर्मसाठी. फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत, वहिनीला दोन्ही नीट वाचता येत नाही, रिसेप्शनवरची मुलगी मदत करायची सोडून 'नेक्स्ट' म्हणून मोकळी. शेवटी आईचा फॉर्म पुतण्यानंच भरला, त्याला शाळेत कन्नड आहे ना! 'मुलाच्या वागण्याबद्दल तक्रार' हा रकानासुद्धा त्यानंच भरला, आणि बरा भरला की ओ.

पाचशे रुपये एका बैठकीचे, त्यात तास-सव्वातास देतात, महाग नाही वाटलं. शनिवारी जाऊ नका, लई गर्दी. लिफ्ट नाही, वर चढायला जिना अरुंद, पण घरात आज्जी असेल तर तिला न्याच, आम्ही खुर्चीत बसवून दोघांनी उचलून नेली.