कार्डावरचं पडवळ आणि जांभळी नाक्यावरचं पडवळ

मे महिन्यात ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका दुकानातून भाज्यांच्या चित्रकार्डांचा संच घेतला. ४० कार्डं, ३४९ रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण असे चार-पाच संच मी चाळून पाहिले आणि बहुतेकांत त्याच खुब्या आणि त्याच चुका आहेत.

मी कळव्यात अठरा वर्षं बालवाडी चालवते. दर जूनमध्ये कुणाची तरी आई दारात थांबून सांगते, "बाई, हा बटाट्याशिवाय कशाला हात लावत नाही हो." दोन वर्षांच्या आसपास बहुतेक मुलं अनोळखी पदार्थाला नाही म्हणायला लागतात. मूल नुकतं चालायला लागलेलं असतं, दिसेल ते तोंडात घालू शकतं, त्या वयात अनोळखी वस्तूची भीती त्याला जपतच असणार. पोळी-भाजीच्या डब्याला मात्र ही भीती जड जाते. म्हणून मी ही कार्डं नावं पाठ करून घ्यायला घेतलेली नाहीत. रोज चित्र बघून मूल भाजीला सरावतं का, एवढंच मला बघायचं होतं.

ही कल्पना माझी नाही. माझी भाची मानसशास्त्र शिकते, तिने मला इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाचं काम समजावून सांगितलं. २०१४ साली छापलेल्या त्यांच्या एका अभ्यासात दीड ते दोन वर्षांच्या मुलांना आईवडिलांनी दोन आठवडे रोज एका भाजीचं चित्रपुस्तक दाखवलं आणि मग तीच भाजी पुढे ठेवली. पुस्तकात पाहिलेली भाजी चाखायला मुलं जास्त तयार झाली, आणि आधी अजिबात ओळख नसलेल्या भाजीच्या बाबतीत हा फरक जास्त जाणवला. हे ऐकल्यावर मला आधी पडवळच आठवलं. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी ते पाहिलेलंसुद्धा नसतं.

आधी या संचातलं चांगलं ते सांगते. चित्रं खऱ्या भाज्यांचे फोटो आहेत. दुकानदार मला डोळे-नाक काढलेल्या गाजराचा, हसणाऱ्या टोमॅटोचा संच घ्यायला सांगत होता, "मुलांना हाच आवडतो ताई." आवडत असेलही. पण दीड वर्षाच्या आतबाहेरची मुलं पुस्तकात पाहिलेली वस्तू प्रत्यक्षात ओळखतात का, हे २००८ साली एका अभ्यासात तपासलं गेलं होतं. फोटोवरून त्यांना ते सहज जमलं, कार्टूनवरून कमी. माझी मुलं त्याहून मोठी आहेत, तरी मी फोटोच घेतले. कार्ड जाड आहे, कोपरे गोल आहेत, आणि वर्गात पाणी सांडूनही एकही फुगलेलं नाही. भेंडीची लव, कारल्याचे खडबडीत उंचवटे इतके स्पष्ट आलेत की मुलं बोट फिरवून बघतात.

ओवी (नाव बदललंय) माझ्याकडची साडेतीन वर्षांची मुलगी. तिची आई तिला घ्यायला येते तेव्हा कडेवर दहा महिन्यांचा भाऊ असतो. त्याच्यापुढे टोमॅटोचं कार्ड धरलं तर तो नखांनी टोमॅटो उचलायला बघतो, निघत नाही म्हणून कार्ड तोंडात घालतो. मानसशास्त्रज्ञ ज्युडी डेलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली हेच नोंदवलं होतं: नऊ महिन्यांचं बाळ चित्रातली वस्तू धरायला जातं, एकोणीस महिन्यांचं मूल तिच्याकडे बोट दाखवतं. अमेरिकेतल्या आणि आयव्हरी कोस्टमधल्या अशा दोन्हीकडच्या बाळांत त्यांना हे दिसलं होतं. कळव्यात माझ्या दारात तेच दिसलं तेव्हा अंगावर शहारा आला, खरंच.

मी रोज प्रार्थनेनंतर दोन कार्डं शेजारी-शेजारी धरते. एका हातात बटाटा, दुसऱ्या हातात पडवळ. बोलत काहीच नाही, फक्त मुलांचे डोळे बघते. मूल कुठल्या चित्राकडे किती वेळ बघतं, हे संशोधकही मोजतात. माझ्याकडे घड्याळ नाही, मनातल्या मनात आकडे मोजते. पहिल्या आठवड्यात ओवीचे डोळे बटाट्यावरून हलत नव्हते. दुसऱ्या आठवड्यात ती पडवळाकडे बघायला लागली, आणि एके दिवशी म्हणाली, "बाई, ह्याला रेघा आहेत."

आता तक्रारी. पहिली तक्रार मापाची. पांढऱ्या पार्श्वभूमीवर प्रत्येक भाजी कार्डभर मोठी छापली आहे, त्यामुळे लसणीचा गड्डा आणि लाल भोपळा एकाच मापाचे दिसतात. पडवळ तर लहान करून काकडीएवढं छापलंय. एका शनिवारी मी पाच मुलांना आणि दोन आयांना घेऊन जांभळी नाक्याच्या भाजीबाजारात गेले. तिथे हातभर लांब, टोकाला वळलेली पडवळं मांडली होती. "हे काय सांगा बघू?" विचारलं तर कुणी बोलेना. मी पडवळ म्हटल्यावर एकाने मलाच दुरुस्त केलं, "नाही बाई, पडवळ छोटं असतं." दोन आठवडे मीच त्याला ते शिकवलं होतं. शेजारी एखादा हात किंवा वाटी ठेवून फोटो काढला असता तर हे झालं नसतं.

दुसरी चूक माफ करण्यासारखी नाही. 'दोडका' लिहिलेल्या कार्डावर घोसाळ्याचा फोटो आहे. अंगावर एक शीर नाही, गुळगुळीत. एका मुलाची आजी ते बघून म्हणाली, "बाई, हे घोसाळं. शिराळ्याला शिरा नकोत का?" शिराळं म्हणजे दोडकाच. मी ते कार्ड काढून ठेवलं. भर म्हणून ब्रोकोली, झुकिनी, अ‍ॅस्परॅगस आहेत; टाकळा, कर्टोली, शेवळं, अळू नाहीत. ठाण्यात पावसाळ्यात आदिवासी बायका ज्या रानभाज्या घेऊन बसतात, त्यांतली एकही नाही. शिवाय लॅमिनेशन इतकं चकचकीत की ट्यूबलाइटखाली कडेला बसलेल्या मुलांना नुसता पांढरा डाग दिसतो.

पण सगळ्यात मोठी उणीव वेगळीच. सगळ्या भाज्या कच्च्या आणि अख्ख्या. मुलाच्या डब्यात अख्खं पडवळ कधी येतं का? येतात त्या हळद-मोहरीत परतलेल्या, चणाडाळ लागलेल्या पिवळट चकत्या. चित्रातलं पांढऱ्या-हिरव्या रेघांचं पडवळ आणि डब्यातली ही भाजी एकच आहे, हे साडेतीन वर्षांच्या मुलाने कसं ओळखायचं?

म्हणून मी मोबाइलवर तीन फोटो काढले: भाजीवाल्या मावशींच्या पाटीतलं पडवळ, विळीवर अर्धं चिरलेलं, आणि ताटात पोळीशेजारी वाढलेली भाजी. स्टुडिओतून मॅट कागदावर प्रिंट काढल्या आणि कंपनीच्या कार्डाला दोऱ्याने जोडल्या. मग पाटीपासून ताटापर्यंतची पडवळाची ती गोष्ट दोन आठवडे रोज सांगितली.

त्यानंतरच्या बुधवारी पडवळाची भाजी केली. सक्ती कुणालाच नाही, हा माझा नियम पहिल्यापासून आहे. ओवीने गर काढलेली एक चकती उचलून बोटात घातली, "बांगडी" म्हणाली, वास घेतला, जिभेचं टोक लावलं आणि परत ताटलीत ठेवली. मला तेवढं पुरलं. मानसशास्त्रज्ञ लिअन बर्च यांनी १९८७ साली लहान मुलांवर हेच तपासलं होतं: नुसतं बघितल्याने पदार्थ दिसायला आवडू लागतो, चव आवडायला मात्र तो चाखावाच लागतो, तोही पुनःपुन्हा. म्हणून पुढच्या बुधवारी तीच भाजी पुन्हा केली, त्याच्या पुढच्यालाही. तिसऱ्या बुधवारी ओवीने दोन चकत्या खाल्ल्या. दोन मुलांनी अजून हातही लावलेला नाही, आणि त्यांना मी काही म्हणत नाही.

घ्यावा का? घरात दोन-तीन वर्षांचं मूल असेल आणि रोज दहा मिनिटं मांडीवर घेऊन बसायची तयारी असेल तर घ्या. पाचपैकी तीन तारे. कार्डं नुसती हातात देऊन जेवायच्या वेळी चमत्काराची वाट बघणार असाल तर ३४९ रुपयांची भाजी आणा. घेतलात तर आधी दोडक्याचं कार्ड तपासा, आणि प्रत्येक कार्डामागे तुमच्या घरच्या शिजलेल्या भाजीचा फोटो चिकटवा. कंपनीला मी पत्र लिहिलंय, दोडका आणि घोसाळं, दोन्हींचे फोटो सोबत पाठवलेत. उत्तर आलं की इथेच लिहीन.

या आठवड्यात बाजारात कर्टोली दिसली. त्यांचे फोटो शनिवारी काढणार आहे, या वेळी शेजारी ओवीचा हात ठेवून.