थरथर सांभाळणारा चमचा, ८ महिन्यांनी (आणि त्याचं ते चार्जिंगचं भोक)

हात थरथरणाऱ्यांसाठीचा हा चमचा: हँडलमध्ये सेन्सर आणि मोटर, हात इकडे गेला की पुढचं टोक तिकडे, म्हणजे चमच्यातलं सांडत नाही. मला इसेन्शियल ट्रेमर (हात थरथरण्याचा आजार) आहे, म्हणजे हात मांडीवर असला की गुमान बसतो, काही उचललं की थरथर सुरू. पार्किन्सनमध्ये बहुधा उलटं, हात स्वस्थ असताना जास्त हलतो.

पहिल्या दिवशी सूप घेतलं. खाली हँडल मुठीत घरघरतंय आणि वर सूप जवळजवळ स्थिर! बायको बघत होती, बोलली काही नाही, फक्त माझ्या पुढ्यातलं फडकं उचलून घेऊन गेली. तेव्हाच लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

पण चार्जिंगचं भोक. त्यावर नखाएवढं रबरी झाकण, ते उघडून आत बारीक पिन सरळ घालायची. अहो, हे जमत असतं तर चमचा घेतला असता का मी? रोज रात्री पिन भोकाच्या आजूबाजूला टोचत बसायचो, तिथे आता उंदराने कुरतडल्यासारखे ओरखडे आहेत. सहाव्या महिन्यात भोक सैल झालं, चार्जिंग बंद.

सर्व्हिसवाल्यांनी सीरियल नंबरचा फोटो मागितला. नंबर मुंगीच्या पायाएवढा, फोटो काढणारा मी. तीनदा उत्तर आलं, "फोटो अस्पष्ट आहे." चौथ्यांदा फोन पुस्तकांना टेकवून टायमर लावला तेव्हा कुठे चमचा दुरुस्तीला गेला, तो ३ आठवडे.

आणि इथे माझं मत जरा फिरलं. त्या ३ आठवड्यांत साधा जड चमचा घेतला, दांड्यावर फोमची नळी चढवली, कोपर टेबलावर रोवलं, कप अर्धाच भरून झाकण आणि स्ट्रॉ. वजनाचा सगळ्यांना फायदा होतोच असं नाही, मला झाला. घट्ट काही असेल तर मोटरवाल्याची गरजच पडली नाही, एवढे पैसे कशाला घातले असं वाटून दोन दिवस चिडचिड झाली. मग परत सूप केलं आणि शर्टाने उत्तर दिलं. म्हणजे पातळ पदार्थांसाठी हा हवाच, बाकीसाठी चैन आहे.

मोटरलाही मर्यादा आहे. झोप कमी झाली, दोन कॉफ्या झाल्या किंवा चार लोक बघत बसले की माझा हात एवढा हलतो की टोक कडेला जाऊन टकटक आपटतं. सही, बटणं, कप उचलणं यात चमच्याचा काय उपयोग. थरथरीची गोळी (प्रोप्रानोलॉल) चालूच आहे, ती चमच्यामुळे सुटली नाही. दमा असेल तर ही गोळी सहसा देत नाहीत, डॉक्टरांना आधीच सांगा.

चमचा परत आला, भोक तेच! शेवटी मुलीने चुंबकवाली चार्जिंग वायर आणली. वायरचं छोटं टोक मुलीनेच भोकात बसवून टाकलं, ते आता कायम तिथेच, वायर जवळ नेली की टक् करून आपोआप चिकटते. एवढं कंपनीला सुचलं नाही. रबरी झाकण मात्र आता बसत नाही, म्हणून भोकात पाणी जाऊ नये यासाठी धुताना पुढचं टोक काढून तेवढंच धुतो. वॉरंटी यात गेली असेल तर जाऊ दे, तो फोटो मी परत काढणार नाही.