बाळंतपण कुठं करायचं? तालुक्याचा दवाखाना, बेळगावचं सिव्हिल की नर्सिंग होम

माझी मुलगी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात झाली, मुलगा बेळगावातल्या एका नर्सिंग होममध्ये, आणि जावेला जुळं होतं तेव्हा बेळगावच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे बिम्स या सरकारी मेडिकल कॉलेजच्या जिल्हा रुग्णालयात, मी अकरा दिवस तिच्या उशाशी होते. म्हणून आमच्याकडची कुणी पहिलटकरीण सातव्या महिन्याच्या आसपास दारात येते, पायरीवर टेकते आणि विचारते, "वैनी, नाव कुठं घालू?"

मी तिला उलट विचारते, रात्री दोन वाजता तिथं कोण असतं? फरशी किती चकाचक आहे, खोलीत टीव्ही आहे का, हे लोक आधी बघतात. बाळंतपण मात्र वेळ सांगून येत नाही. नेमक्या तारखेला जन्मणारी बाळं शंभरात जेमतेम चार-पाच. सदतीस आठवडे भरल्यावर कुठलीही रात्र ती रात्र असू शकते.

आधी कळांचं बघू, कारण जागा ठरवण्याचा निम्मा प्रश्न तिथंच सुटतो. शेवटच्या महिन्यात पोट आवळतं आणि सुटतं. चालल्यावर, कूस बदलल्यावर थांबतं. त्या खोट्या कळा. खरी कळ बहुधा कमरेतून येते, पोट दगडासारखं होतं, मग ओसरते आणि परत येते, आणि दर खेपेला मधलं अंतर कमी होत जातं. पहिलटकरणीला पाच मिनिटांनी एक कळ, ती मिनिटभर टिकणारी, असं तासभर चाललं की निघावं, असा साधारण हिशेब सांगतात. हा हिशेब टिळकवाडीत किंवा शहापुरात राहणाऱ्या बाईसाठी ठीक आहे. कणकुंबीच्या किंवा भीमगडच्या रानातल्या वाडीवरच्या बाईनं तासभर घड्याळ बघत बसू नये, पहिल्या खऱ्या कळेलाच निघावं. आणि पाणी गेलं, ते हिरवट असलं, अंगावरून रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं फुटल्यासारखं दुखून डोळ्यांपुढं अंधारी आली, तर राहत्या ठिकाणाचा विचारच नाही. कळा असोत नसोत, लगेच निघायचं.

दवाखान्यात पोचल्यावर पिशवीचं तोंड किती उघडलंय ते बघतात. बाळ बाहेर यायला ते 10 सेंटिमीटर उघडावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशींप्रमाणं 5 सेंटिमीटरपासून पुढं प्रसूती खरा जोर धरते, आणि तिथून पूर्ण उघडायला पहिल्या खेपेला साधारण 12 तासांपर्यंत, पुढच्या खेपेला 10 तासांपर्यंत लागू शकतात. त्याआधीचा रेंगाळणारा काळ वेगळाच, तो रात्रभरही चालतो. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्याच तासाला वाटलं की काहीतरी बिघडलंय.

या रेंगाळणाऱ्या काळात दोन्हीकडचा फरक मला सगळ्यात जास्त जाणवला. तालुक्याला सिस्टरनं तपासून सांगितलं, "अजून दोनच बोटं आहेत, फिरत राहा." मी व्हरांड्यात आईच्या खांद्याला धरून चकरा मारल्या, कळ आली की खिडकीचा गज धरून वाकायचं, आई कंबर चोळायची. मधे भाताची पेज प्याले. तेव्हा राग आला होता की कुणी लक्ष देत नाही. पुढं समजलं की धोका नसलेल्या बाईला चालू देणं, उभं राहू देणं, पातळ काहीतरी खाऊपिऊ देणं हीच आजची योग्य पद्धत आहे. नर्सिंग होममध्ये मला आल्या आल्या पलंगावर घेतलं आणि कळांचं सलाइन लावलं. त्या औषधाची गरज असते तेव्हा ते मोलाचं आहे, पण त्यानं कळा एकदम जोरात येतात आणि बाळाचे ठोके सारखे बघावे लागतात. "कशासाठी लावताय?" एवढं विचारायला हरकत नव्हती. मी विचारलं नाही. तुम्ही विचारा.

वेदना कमी करायची पाठीतली सुई, म्हणजे एपिड्युरल, भूलतज्ज्ञ हजर असेल तिथंच मिळते. हवी असेल तर मोठं हॉस्पिटल गाठावं आणि आधीच बोलून ठेवावं, कळा सुरू झाल्यावर नव्हे. ही मागितली म्हणून कुणी बाई कमी पडत नाही. आमच्याकडं सासवा तोंड वेंगाडतात, त्यांच्याकडं लक्ष देऊ नका.

सोबतीचं मात्र ठिकाणापेक्षा माणसांवर अवलंबून असतं. आपल्या पसंतीचं एक माणूस प्रसूतीच्या खोलीत असावं, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते आणि प्रसूतीच्या खोल्या सुधारण्याच्या सरकारच्या 2017 पासूनच्या लक्ष्य कार्यक्रमातही आहे. तरी प्रत्येक ठिकाणी आत सोडतीलच असं नाही, खासगीतसुद्धा नाही. नाव घालतानाच विचारा. आपल्या भागात याला आणखी एक कारण आहे. खोलीतलं बोलणं कानडीत चालतं, आणि कळांमध्ये अर्धवट कानडी तर सोडा, मराठीसुद्धा डोक्यात शिरत नाही. नोवु म्हणजे कळ, नीरु म्हणजे पाणी, उसिरु म्हणजे श्वास, एवढं तरी येत असावं. ऑपरेशनच्या कागदावर सही मागितली तर तो मराठीतून वाचून दाखवायला सांगा. बहुतेक सिस्टरांना दोन्ही भाषा येतात आणि सांगितलं की त्या वाचून दाखवतात.

तोंड पूर्ण उघडल्यावर आपोआप जोर लावावासा वाटतो. पहिल्या खेपेला हे तीन तासांपर्यंत चालू शकतं, पुढच्यांना दोन तासांपर्यंत. या वेळी वरून पोट दाबायचं नसतं. कुणी कोपरानं दाबायला लागलं तर सोबतीच्या माणसानं स्पष्ट नको म्हणावं. खाली चीर देऊन टाके घालणंही प्रत्येकीला लागत नाही. पहिलटकरीण आहे म्हणून सरसकट चीर द्यायची ही जुनी सवय आहे, आणि ती सरकारी आणि खासगी दोन्हीकडं उरलेली आहे. बाळ रडलं की थेट छातीवर, नाळ निदान एक मिनिट थांबून कापायची, तासाभरात चिकाचं दूध पाजायचं. मध, गुळाचं पाणी काही नाही. मुलीच्या वेळी तालुक्याच्या सिस्टरनं आमच्या आत्याबाईंच्या हातातली मधाची वाटी काढून घेतली होती. तिचे उपकार मी विसरलेले नाही.

बाळ झालं म्हणजे सुटलो असं आपण समजतो, पण आईच्या जिवाला धोका असतो तो पुढच्या तास-दोन तासांत. वार पडते, पिशवी आकसली नाही तर रक्त वाहतं. अर्धा लिटरच्या वर गेलं की तो अतिरक्तस्राव. हे टाळायला बाळ जन्मताच मांडीत पिशवी आकसवणाऱ्या ऑक्सिटोसिनचं 10 युनिटचं इंजेक्शन देतात. याचा आपल्या मातीशी जवळचा संबंध आहे. 2002 ते 2005 या काळात आपल्याच जिल्ह्यातल्या खेड्यांत बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी 1620 बायकांवर एक अभ्यास केला. नर्सबाईंनी प्रसूतीनंतर मिसोप्रोस्टॉलच्या, म्हणजे पिशवी आकसवणाऱ्याच दुसऱ्या औषधाच्या, गोळ्या दिल्या, तेव्हा अतिरक्तस्राव 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आला. 2006 मध्ये ते लॅन्सेट या डॉक्टरांच्या साप्ताहिकात छापून आलं. म्हणजे बेळगाव जिल्ह्यातल्या आपल्यासारख्याच बायकांमुळं जगाला हे कळलं. मला याचा अभिमान वाटतो.

माझ्या दुसऱ्या खेपेला हेच झालं. मुलगा झाला, सगळे पेढ्याचं बोलत होते, आणि मला खालून ऊब वाहत असल्यासारखं वाटलं. डॉक्टरीणबाई खरोखर चांगल्या होत्या, हात पिशवीवर धरून त्या हलल्या नाहीत. पण त्या नर्सिंग होमात रक्त नव्हतं. माझे मालक नमुन्याची नळी शर्टाच्या खिशात घालून मोटारसायकलवरून गावाच्या दुसऱ्या टोकाच्या रक्तपेढीत गेले. पन्नास मिनिटं लागली. मी छताचा पंखा मोजत पडले होते आणि थंडीनं दात वाजत होते. मी वाचले. पण नाव घालताना आम्ही खोली बघितली, रक्ताचं विचारलंच नव्हतं.

म्हणून दवाखाना बघायला जाल तेव्हा हेच विचारा: रक्त आवारात आहे की मागवावं लागतं? रात्री भूलतज्ज्ञ इथं असतो की फोन केल्यावर येतो, आणि यायला किती वेळ लागतो? बाळ रडलं नाही तर बालरोगतज्ज्ञ कुठून येणार? तालुक्यालाही हेच विचारा. तिथं पद मंजूर असणं आणि माणूस हजर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. त्या दिवशी गेलात की जागाही बघून होते.

सिव्हिलची किंवा बेळगावातल्याच केएलईसारख्या मोठ्या हॉस्पिटलची जमेची बाजू हीच, की सगळं एका आवारात. जावेचं बीपी वाढलं तेव्हा अर्ध्या तासात सिझर झालं, दोन्ही बाळं काचेच्या पेटीत गेली आणि कुणाला मोटारसायकल काढावी लागली नाही. मोठ्या दवाखान्यात शिकणारी मुलंमुली असतात, तपासायला एकापेक्षा जास्त जण येतात, एकांत कमी. ते सोसवत नसेल तर आधी मनाची तयारी करा. पण जुळं, आधीचं सिझर, आडवं किंवा पायाळू बाळ, वार खाली असणं, बीपी, किंवा शेवटच्या महिन्यांत हिमोग्लोबिन 7 च्या खाली, यातलं एकही असेल तर मला दुसरा पर्याय दिसत नाही. मोठं हॉस्पिटलच.

सिझरबद्दल आकडे बोलतात. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात खासगीत 47.4 टक्के प्रसूती सिझरनं झाल्या, सरकारीत 14.3 टक्के. सगळा दोष खासगीचा नाही, अवघड केसेस पैसे जमवून तिकडं जातात. तरी एवढी तफावत नुसत्या अवघड केसेसनं होत नाही. खासगीत जाणार असाल तर डॉक्टरांना सरळ विचारा की नॉर्मलसाठी किती वाट बघता. चिडले तर तेही उत्तरच. आणि खरंच गरज पडून सिझर झालं तर ते मनाला लावून घेऊ नका.

पैशाचं थोडक्यात. 2011 च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळं सरकारी दवाखान्यात नॉर्मल, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, नेणं-आणणं सगळं मोफत, जेवणही नॉर्मलला तीन दिवस आणि सिझरला सात दिवसांपर्यंत. घरी सोडायला कर्नाटक सरकारची नगु-मगु गाडी आहे, तिची चौकशी करा. खासगीत लेखी आकडा घ्या, आणि बाळाच्या डॉक्टरांची फी, रक्त, काचेची पेटी त्यात धरली आहे का ते बघा. बहुधा धरलेलं नसतं.

माहेर पलीकडं महाराष्ट्रात, चंदगड, गडहिंग्लजकडचं असेल तर तिकडं जायचं की नाही, हा आमच्या सीमाभागाचा जुना घोळ. चंदगडच्या बायका उलट बेळगावला येतात आणि निपाणीच्या कोल्हापूरला जातात, कारण अंतर तसं आहे. वर सांगितलेली मोफत सोय केंद्राची असल्यामुळं दोन्हीकडं लागू. जायचं तर सातव्या-आठव्या महिन्यातच जा, आणि इकडचं तायी कार्ड, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदीचं सरकारी कार्ड, सोनोग्राफीचे कागद, रक्तगट सगळं बरोबर न्या. कार्डावर रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते ठळक दाखवा, बाळ पॉझिटिव्ह निघालं तर 72 तासांत आईला अँटी-डी इंजेक्शन लागतं.

गेल्या आषाढात कणकुंबीकडची एक पोर माझ्याकडं आली होती. पहिली खेप, तब्येत ठणठणीत, तालुक्याचा दवाखाना तिला चालला असता. पण वाडीपुढचा ओढा चार दिवस उतरला नव्हता. मी तिला म्हटलं, दवाखाना नंतर ठरव, आधी ओढ्याच्या अलीकडं ये. ती तारखेच्या दोन आठवडे आधी वडगावला मावशीकडं येऊन राहिली. पहाटे पाणी गेलं, रिक्षानं सिव्हिलला गेली, दुपारी मुलगी झाली. ओढा त्या दिवशीही भरलेलाच होता.