बेसन-साय की फेसवॉश-सनस्क्रीन? आपल्या खान्देशच्या उन्हात रोजचं काय ठेवायचं

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि कितीतरी घरांत बोअरचं जड पाणी, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या मुलींचं रुटीन बघून तसंच्या तसं करायला गेलं की जमत नाही. आपल्याकडे प्रश्न एवढाच असतो की घरचं बेसन, साय, मुलतानी माती, खोबरेल यावर भागवायचं की दुकानातून फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणायचं.

चेहरा धुण्याचं आधी बघू. जड पाण्यात अंगाचा साबण नीट फेसाळत नाही, बादलीच्या कडेला चिकट पांढरा थर धरतो ना, तसलाच थोडा चेहऱ्यावरही राहतो, वरून साबणाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ९-१० आणि त्वचेचा ५ च्या आसपास, म्हणून धुतल्यावर चेहरा ओढल्यासारखा होतो. या साबणापेक्षा बेसन-साय कधीही बरी. पण रोज सकाळी डबे भरायचे, बस गाठायची, त्यात ते कालवणार कोण, आणि भुवयांत नि केसांच्या कडेला बेसन वाळून बसलं की घासून काढावं लागतं, त्या घासण्यानेच चेहरा लाल होतो. म्हणून रोजच्याला साधा, सौम्य, वास नसलेला फेसवॉश घ्या, उटणं-बेसन रविवारी करा, छान वाटतं. मुलतानी माती तेलकट चेहऱ्यालाच, तीही आठवड्यातून एकदा, थंडीत तर नकोच. आणि लिंबू चेहऱ्यावर अजिबात नको हं, त्याचा पीएच २ च्या आसपास, लावून उन्हात गेलात तर भाजल्यासारखे चट्टे येतात आणि मागे राहिलेले काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत.

खोबरेल हातापायांना, भेगाळलेल्या टाचांना एकदम मस्त, महागड्या लोशनची गरज नाही. पण पिंपल्स येत असतील तर चेहऱ्याला लावू नका, छिद्रं बुजतात. तिथे हलकं मॉइश्चरायझर, तेही चेहरा ओलसर असतानाच.

आता ऊन. इथे तुलनाच नाही, कारण हळद, कोरफड, काकडी यातलं काहीही ऊन अडवत नाही. एसपीएफ (सनस्क्रीनच्या संरक्षणाचा आकडा) ३० चं सनस्क्रीन यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारी किरणं साधारण ९७ टक्के अडवतं आणि ५० चं ९८, म्हणजे फक्त आकड्यासाठी जास्त पैसे घालू नका, त्यापेक्षा पाकिटावर पीए+++ (त्वचा काळवंडवणाऱ्या यूव्हीए किरणांपासूनच्या संरक्षणाची खूण) आहे का ते बघा आणि दोन बोटांवर भरून येईल इतकं चेहऱ्याला-मानेला लावा, कारण वाटाण्याएवढं लावलं तर लिहिलेलं संरक्षण मिळतच नाही. बाहेर असाल तर दर दोन तासांनी परत. वावरात निंदायला, कापूस वेचायला जाणाऱ्या बाया तोंडाला रुमाल गच्च बांधतात ना, ते अगदी बरोबर आहे, घट्ट विणीचं कापड घामाने उतरत नाही. एकाच गोष्टीला पैसे असतील तर सनस्क्रीन आणा, तेही नसतील तर स्कार्फ आणि दुपारी बारा ते तीन सावली.

रात्रीचं मात्र मी घरच्या बाजूने आहे. ओटा आवरला, मोबाइल बाजूला ठेवला, चेहरा धुतला आणि पाच मिनिटं पायांना कोमट तेल चोळलं की दिवसभराचा शीण उतरतो, झोपही चांगली लागते, आणि घरातल्या बाईला स्वतःसाठी एवढाच वेळ मिळत असेल तर तो तिने घेतलाच पाहिजे, त्यात लाजायचं काय?

घरचं असो की विकतचं, नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा. आणि मेडिकलवर कुणी गोरं करायची ट्यूब म्हणून स्टेरॉइडवालं क्रीम दिलं तर घेऊ नका ताई, ती डॉक्टरच्या चिठ्ठीनेच घ्यायची औषधं आहेत, सुरुवातीला चेहरा उजळल्यासारखा वाटतो, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात. आधीच लावत असाल तर एकदम बंद न करता आधी त्वचेच्या डॉक्टरला दाखवा.